खरवसाच्या दोन वड्या आणि तीन दिवसांचा अबोला

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते बाकीच्यांना कळेल. विचारणारी 31 वर्षांची आहे, लग्नाला 4 वर्षं झालीत, दोघंही नोकरी करतात, स्वयंपाक बहुतेक वेळा हीच करते. शेजाऱ्यांची म्हैस व्यायली म्हणून आईला चीक मिळाला आणि तिने गावाहून खरवस करून पाठवला. दोघांनी मिळून खाल्ला. शेवटच्या दोन वड्या हिने छोट्या स्टीलच्या डबीत ठेवल्या, शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर निवांत खाईन म्हणून. गुरुवारी रात्री नवऱ्याचा उशिरापर्यंत कॉल, एक वाजता त्याला भूक लागली, फ्रीज उघडला, डबी दिसली, दोन्ही वड्या गट्टम. त्याच फ्रीजमध्ये मंगळवारची कोबीची भाजी होती, तिला मात्र हात लावला नाही कारण "मी शिळं खात नाही". शुक्रवारी संध्याकाळी भांडण झालं, तो म्हणाला "एवढ्याशा खरवसावरून?" आणि मग तीन दिवस अबोला. हिचे प्रश्न दोन आहेत, मी कोत्या मनाची आहे का, आणि हे आईला सांगू का.

तू म्हणते हं तुला, माझ्या भाचीच्या वयाची आहेस. मी नवरा-बायकोंच्या समुपदेशनाचं काम गेली 22 वर्षं करतेय आणि माझ्या खोलीत लोक पैसा, सासू, मोबाईल हे विषय घेऊन येतात, खाण्याचा विषय घेऊन कुणी म्हणजे कुणी येत नाही, कारण लाज वाटते. शिकलेली माणसं, हातात चांगल्या नोकऱ्या, आणि सांगायचं काय तर याने माझी बाकरवडी खाल्ली? पण तिसऱ्या-चौथ्या भेटीत हळूच बाहेर येतंच. एकदा बाहेर आलं की मग थांबत नाही, 2009 सालच्या श्रीखंडापर्यंत जातं. त्यामुळे कोत्या मनाची वगैरे अजिबात नाहीयेस तू. खरवस काही रोज होत नाही, चीक मिळायला गाय-म्हैस व्यावी लागते, ओळखीचं कुणी असावं लागतं, आणि दुकानात मिळतो त्यात बरेचदा चायनाग्रास असतं हे तुलाही माहितीये. त्यात तो आईच्या हातचा. तेव्हा "एवढासा" हा शब्द त्याने वापरला तिथेच तो चुकला, खाण्यापेक्षा जास्त तिथे चुकला.

पण त्याची बाजूही बघावी लागेल. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "त्याला कळायला नको का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरची बाई तोंड उघडायच्या आधी मला ऐकू येतं. त्याला कसं कळणार होतं सांग ना. स्टीलची डबी, झाकण बंद, वर नाव नाही, तू बोलली नव्हतीस. तुझ्या डोक्यात त्या वड्यांवर तुझं नाव होतं, त्याच्या डोक्यात फ्रीजमधलं सगळं घराचं होतं. दोघांनाही आपापलं इतकं उघड वाटतं की बोलायची गरजच वाटत नाही.

मी अशा जोडप्यांना पहिल्यांदा एकच प्रश्न विचारते. तुमच्या लहानपणी घरी शेवटची पोळी कोण खायचं? दोघंही क्षणभर गप्प होतात. मग उत्तर येतं, आई. आणि शिळी? आईच. उरलेली आमटी? तीही आईच, नाहीतर आजी. मग मी पुढचा विचारते, आईला स्वतःला काय आवडायचं? इथे मुली थोड्याफार सांगतात, मुलगे बहुतेक वेळा अडकतात. एक जण म्हणाला होता, "आईला रस्सा आवडायचा, फोडी नाही आवडायच्या तिला," आणि बोलता बोलता मध्येच थांबला. बायको काही बोलली नाही, मीही नाही बोलले.

म्हणजे आपल्याकडे घराघरात एक काम असतं ज्याला नाव नाही. उरलेलं संपवण्याचं काम. स्वयंपाक करणं दिसतं, वाढणं दिसतं, भांडी घासणं दिसतं, पण काल किती उरलं, ते कधीपर्यंत चालेल, आज त्याचं काय करायचं, कुणाच्या पानात खपवायचं आणि कुणीच नाही घेतलं तर आपण उभ्याउभ्या ओट्याशी खाऊन टाकायचं, हे कुणाला दिसत नाही. सरकारचं 2024 चं वेळ-वापर सर्वेक्षण आहे, त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटं आहे आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची 88. त्या 289 मध्ये हे संपवण्याचं काम कुठल्या रकान्यात बसत असेल असं मला काही वाटत नाही. तुमच्या भांडणात खरवस पुढे आहे पण मागे ती कोबीची भाजी उभी आहे बघ. चांगलं ते त्याने खाल्लं आणि संपवायचं ते तुझ्यासाठी ठेवलं. तुला राग त्याचा आलाय. नुसता खरवस गेला असता तर तू फार तर अर्धा दिवस फुगली असतीस.

आता माझ्या घरचं सांगते, म्हणजे वाटायला नको की बाई दुसऱ्यांनाच शहाणपण शिकवतात. आमच्याकडे हे आमटीचं पातेलं कधी रिकामं करायचे नाहीत. तळाशी दोन चमचे आमटी ठेवायची, दोनच, आणि पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलायचं. का? तर पातेलं रिकामं केलं की ते सिंकमध्ये टाकावं लागतं, पाणी घालावं लागतं, उरलेलं दुसऱ्या भांड्यात काढायचं तर छोटं भांडं शोधावं लागतं. दोन चमचे ठेवले की "अजून आहे आमटी" म्हणत सुटका. आमच्या लग्नाची पहिली सहा वर्षं ती दोन चमचे आमटी मी खाल्ली. समुपदेशनाचा डिप्लोमा करत होते, वर्गात संवादावर निबंध लिहीत होते आणि घरी येऊन पातेल्याच्या तळाशी पोळी फिरवत होते! शेवटी एका रविवारी मी ते पातेलं तसंच्या तसं टेबलावर यांच्या ताटाशेजारी ठेवलं, काही बोलले नाही. यांनी बघितलं, म्हणाले "यात काहीच नाहीये". म्हटलं तेच म्हणतेय मी सहा वर्षं. त्या दिवशी पहिल्यांदा यांनी स्वतः वाटी शोधली. लगेच सगळं सुधारलं असं नाही, दुधाच्या पातेल्याचं अजून चालूच आहे.

नेहमी नवराच चुकतो असंही नाही, उलटंही बघितलंय. एक जोडपं होतं (ओळख पटेल असे तपशील बदललेत), तो धाराशिवकडचा, ती मुंबईत वाढलेली. ती सकाळी फ्रीज आवरायची आणि कालच्या पोळ्या, अर्धी वाटी भाजी सरळ कचऱ्यात, तिच्या दृष्टीने शिळं खायला घालणं म्हणजे घरच्यांची हेळसांड. तो काही बोलायचा नाही. फक्त ती टाकायच्या आत डब्यातली वाळकी पोळी काढून सिंकपाशी उभा राहून चहात बुडवून खायचा, रोज. तिला ते टोमणा मारल्यासारखं वाटायचं, आणि होताच तो टोमणा. दोन महिने असं चाललं. मग बोलण्यातून निघालं की त्याच्या आईने 72 चा दुष्काळ लहानपणी बघितलाय, रेशनवर मिळालेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी यांवर दिवस काढलेत, त्यामुळे त्यांच्या घरात पानात टाकणं हा जवळजवळ गुन्हाच. हे त्याने बायकोला चार वर्षांत कधी सांगितलंच नव्हतं! तिला वाटायचं हा चिक्कू आहे. तिच्याकडे तर आजोबा टायफॉइडने गेले तेव्हापासून ताज्याचा आग्रह होता, तेही याला माहीत नव्हतं. पोळी एकच, पण एकाला तिच्यात दुष्काळ दिसतोय आणि दुसरीला आजारपण, मग "वाया जातंय" आणि "विटलंय" असे दोन शब्द एकमेकांवर फेकून काय उपयोग.

या "शिळं" शब्दाबद्दल तुझ्या नवऱ्याशी जरा बोलायला हवं. आपल्याकडे उरलेलं, शिळं, उष्टं, खरकटं असे किती वेगवेगळे शब्द आहेत आणि भांडणात आपण सगळं एकाच पातेल्यात कालवतो. रात्री उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात केला, वर शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबू, की "शिळं न खाणारे" दोनदा मागून घेतात. पोळीचा कुस्करा घे, गूळ-तूप घालून पोळीचा लाडू घे. मच्छीचं कालवण तर दुसऱ्या दिवशीच मुरतं म्हणतात. मग शिळं म्हणजे नेमकं काय? बरेचदा त्याचा अर्थ "ज्याच्यावर कुणी परत मेहनत घेतलेली नाही ते" एवढाच असतो. आणि ती परत मेहनत कोण घेतं हे तुला सांगायला नको.

पण त्याचं म्हणणं अगदीच झटकून टाकू नकोस, कारण तब्येतीचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर दोघांचं आधीच एकमत झालं तर निम्मी भांडणं उभीच राहत नाहीत. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं हे ऐकून ऐकून आहारतज्ज्ञांकडून नीट समजून घेतलंय. आपण घाबरतो भाजीला आणि बिनधास्त ओट्यावर ठेवतो भात, खरं म्हणजे जपायचं भाताला. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात तासन्‌तास बाहेर राहिला की वाढतात आणि त्यातला उलट्या करवणारा विषारी पदार्थ परत गरम करूनही जात नाही. म्हणून भात झाल्यावर दोन तासांच्या आत, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तर तासाभरातच, पसरट भांड्यात मोकळा करून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. भाजी-आमटी फ्रीज नीट थंड असेल, म्हणजे 5 अंशांच्या आत, तर तीन दिवस चालते, पण खाण्यापुरतीच काढून एकदाच चांगली वाफ येईपर्यंत गरम करायची, सगळं पातेलं रोज गरम करून परत आत ठेवायचं नाही. ओल्या नारळाचं वाटण असेल तर त्याआधीच. तार सुटली, आंबूस वास आला की चर्चा नाही, टाकायचं. तुझी मंगळवारची कोबी गुरुवारी रात्री तशी खाण्यासारखी होती, पण शुक्रवारनंतर मीही खाल्ली नसती.

आणि कोबी उरते का हेही बघ ना. गड्डा आणला की अख्खा चिरायचा ही सवय आपल्या आयांची, त्यांच्या घरात सहा माणसं होती. दोन माणसांना एका वेळेला पाव किलो भाजी रग्गड होते, त्यात एकाचा कॉल आला, एकाने बाहेर खाल्लं की गेलंच. संध्याकाळी सहाला "जेवायला आहेस का" एवढा मेसेज टाकण्याची जबाबदारी त्याची, तुझी नाही. "मी आज बाहेर खाल्लं" हे रात्री साडेनऊला घरात पाऊल टाकल्यावर सांगणं म्हणजे एक वाटी शिळं तयार करणं, हे त्याला याच शब्दांत सांग हवं तर.

आता करायचं काय. मोठमोठे नियम करू नका, फ्रीजवर तक्ते लावणारी जोडपी मी बघितलीयेत, पंधरा दिवसांत तक्त्यावरून भांडतात. मला चाललेली दोन-तीन साधी कामं सांगते. स्टीलचे डबे फ्रीजमधून काढा, काचेचे किंवा पारदर्शक आणा, कारण जे दिसत नाही ते एकतर विसरलं जातं नाहीतर चोरून खाल्लं जातं. एक डबा वेगळ्या रंगाच्या झाकणाचा, एकच, लाल असेल तर लाल, त्यात जे असेल ते विचारल्याशिवाय खायचं नाही, दोघांनीही. एकच का तर दहा झाले की त्याला काही किंमत राहत नाही, आणि दुसरं म्हणजे तूही त्यात सगळंच राखून ठेवायला लागशील, बायकांना तीही सवय असते हं, उद्या पाहुणे आले तर म्हणून काजूकतली राखायची आणि मग बुरशी आली की हळहळायचं. बाकी सगळं घराचं, ज्याला भूक लागली त्याने खावं, रात्री एकला खावं, त्याचा हिशेब मागायचा नाही. आणि उरलेलं संपवण्याचं काम वाटून घ्या. आठवड्यातून दोन रात्री तो फ्रीज उघडून ठरवेल की आज काय संपवायचं आणि त्याचं काय करायचं, थालीपिठात घालायचं की ब्रेडमध्ये भरून टोस्ट करायचं, त्याच्या डोक्याने. तू त्या वेळी स्वयंपाकघरात उभी राहून "असं नाही, तेल कमी" करायचं नाही. हे तुला त्याच्यापेक्षा जास्त जड जाणार आहे, लिहून ठेव.

त्याला खायला लावू नकोस ही पण विनंती आहे. "एवढं एक संपव ना" म्हणून चौथी पोळी पानात पडते ती प्रेमाने नाही, डबा रिकामा व्हावा म्हणून, आणि समोरच्याला ते कळतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी नवऱ्यांची ही तक्रार असते की मी घरातला कचऱ्याचा डबा झालोय. थोडं वाया जाऊ दे. "अन्न हे पूर्णब्रह्म" म्हणतच आपण जेवायला बसलोय लहानपणी, पण ते दुसऱ्याच्या घशात कोंबा असं त्यात कुठे म्हटलेलं नाहीये.

बोलायचं कसं हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण अबोल्यानंतरचं पहिलं वाक्य महत्त्वाचं असतं. "तुला कधी कळणारच नाही" ने सुरुवात केलीस तर तो स्वतःचा बचाव करेल आणि तुम्ही परत शुक्रवारवर. साधं सांग, "त्या वड्या मी शुक्रवारसाठी ठेवल्या होत्या, दोन दिवस मनात घोळत होतं. विचारलं असतंस तर एक तुला दिली असती." आणि मग गप्प बस, खरंच गप्प, त्याला ते ऐकू येऊ दे. तो लगेच मोबाईल काढून "थांब, मागवतो तुला खरवस" म्हणेल, पुरुषांना नुकसानभरपाई फार सुचते. त्याला म्हण, मागवू नकोस, फक्त "एवढासा" म्हणालास ते मागे घे. एका बाईंनी हे करून बघितलं, तिचं प्रकरण बासुंदीचं होतं, नवरा म्हणाला बरं, मागे घेतलं, आणि पुढे म्हणाला, "मी खाताना मला माहीत होतं तुझी आहे ते." ती चिडायच्या ऐवजी हसायला लागली म्हणे. खरं बोलला म्हणून.

सगळं एका भांडणात मिटेल असं मात्र धरून चालू नकोस. जॉन गॉटमन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांचा अभ्यास केला, त्यांच्या मते नवरा-बायकोच्या वादांतले साधारण 69 टक्के विषय कधी सुटतच नाहीत, स्वभावातून आणि घरच्या वळणातून येतात, परत परत येत राहतात. माझा अनुभव वेगळा नाही. तुमच्यात पुढे खरवसाच्या जागी आंबा येईल, पेटीतला शेवटचा हापूस कुणाचा यावर जूनमध्ये मला लिहशील तू. तेव्हा शिळ्या कढीला ऊत आणू नका एवढंच, आंब्याच्या भांडणात खरवस काढायचा नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्यासाठी नाही, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवते. जिथे खाण्यावरून ताट फेकलं जातं, मोजून वाढलं जातं, उपाशी ठेवलं जातं, मीठ जास्त झालं म्हणून हात उचलला जातो, तिथे माझे हे लाल झाकणाचे उपाय लावू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात "स्वयंपाक नीट केला नाही तर नवऱ्याने मारणं योग्य आहे का" असा प्रश्न आजही विचारावा लागतो, यावरून समजा. त्याला भांडण म्हणत नाहीत, त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे आणि 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

राहिला तुझा दुसरा प्रश्न, आईला सांगू का. नको सांगूस. आईला राग येणार नाही गं, उलट तिला वाईट वाटेल की जावयाला पोटभर मिळाला नाही, आणि पुढच्या वेळी ती दोन डबे पाठवेल, त्यातला मोठा त्याचा असेल.